पडवीतला धूर

भात झोडून झालं, नागलीची कणसं घरात आली, की आमच्याकडच्या रस्त्यांवर गाठोडी दिसू लागतात. परवा मोखाड्याहून खोडाळ्याला परतताना एसटीच्या खिडकीतून ती पुन्हा दिसली. एका फाट्यावर चार-पाच कुटुंबं ट्रकची वाट पाहत बसली होती. गोधडीत गुंडाळलेली भांडी, पाटीत पाय बांधून ठेवलेली कोंबडी, एका बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल, आणि बाजूला कुत्रा. कुत्र्याला न्यायचं नसतं. ट्रक सुटला की तो थोडं अंतर मागे धावतो आणि मग रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. इतकी वर्षं पाहतोय, तरी त्या कुत्र्याकडे मला अजून बघवत नाही.

हा ऋतू पंचांगात नाही. शाळेत त्याला दुसरं सत्र म्हणतात. मी खोडाळ्याला शिक्षक आहे. दिवाळीनंतर हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं की बाकांवरून उत्तर येतं, "गेला, सर." कुठं गेला हे कोणी विचारत नाही. भिवंडीकडे, वसईकडे, वीटभट्टीवर, रेतीवर. गावात म्हातारी माणसं उरतात आणि कडीत काटकी अडकवलेली दारं. कुलूप लावण्यासारखं आत काही नसतं. काटकी असते ती वाऱ्यासाठी.

सकाळी पठारावर धुकं असतं, माळावरचं गवत पिवळं पडत असतं, खळ्यातल्या पेंढ्याचा वास अजून हवेत असतो. कोणाला हा ऋतू सुंदरही वाटेल. मला मात्र त्यात आधी धूर आठवतो. जव्हारच्या पडवीतला धूर.

जव्हारला बाजाराच्या खालच्या अंगाला, एसटी स्टँडकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक जुनी धर्मशाळा होती. संस्थानच्या काळातली. दगडी जोतं, सागाचे जाड खांब, ऐनाचे वासे, बांबूच्या रिपा आणि वर कौलं. तीन बाजूंना भिंत, समोरून सताड उघडी. शहरातली माणसं तिला धर्मशाळा म्हणत, डोंगरातली माणसं पडवी. बाजाराला आलेला, दाखल्यासाठी आलेला, कोर्टाची तारीख पुढे गेलेला, शेवटची गाडी चुकलेला, असा जो कोणी असेल तो पडवीत मुक्काम करी. दवाखान्यात माणूस ठेवलेला असला तर त्याच्या घरची बाई तिथंच राहायची, तिथंच पेज शिजवायची आणि झाकण घातलेल्या टोपात ती खाटेपर्यंत न्यायची. आणि दिवाळीनंतर तर पडवीत पाय ठेवायला जागा नसे, कारण मुकादमांचे ट्रक तिथूनच भरत.

आमचं गाव वांगणीच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत. मी आठवीपासून जव्हारला वसतिगृहात राहून शिकलो. घराण्यात पहिलाच. माझी बुधीआत्या, वडिलांची धाकटी बहीण, दरवर्षी नवऱ्याबरोबर भट्टीवर जायची. तिच्या नवऱ्याला, भिवाला, आम्ही मामा म्हणायचो. ती दोघं आदल्या दिवशी पडवीत येऊन थांबत आणि मी शाळा सुटल्यावर त्यांना भेटायला जात असे.

आत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. भिंतीच्या कडेनं दहा-बारा चुली, सगळ्यांचा धूर कौलांखाली कोंडलेला. वर पाहिलं तर वासे डांबर फासल्यासारखे काळे आणि चकचकीत. आमच्याकडे काळे वासे म्हणजे भरलेलं घर. मुलगी द्यायला गेलेली माणसं घरात शिरल्यावर आधी वर बघतात. वासे पांढरे दिसले तर समजायचं, या घरात चूल रोज पेटत नाही.

चुलीची एक रीत होती. प्रत्येक कुटुंबाचे तीन दगड ठरलेले. भट्टीवर निघताना चूल विझवायची, दगड गार झाले की भिंतीशी सरकवायचे आणि त्यांची काळी बाजू भिंतीकडे करून ठेवायची. त्या दगडांना दुसरं कोणी हात लावत नसे. शिमग्याला माणसं परत आली की आपले दगड ओळखून पुढे ओढत, काळी बाजू आत वळवत आणि पहिली पेज तिथं शिजे. मगच घराची वाट. एखाद्या कुटुंबाचे दगड शिमग्यानंतरही भिंतीकडे तोंड करून राहिले, तर पडवीत येणाराजाणारा त्यांच्याकडे बघून आवाज खाली करी.

आत्या दगड मांडता मांडता माझी थट्टा करायची.

"काय रं मास्तर, आज काय शिकवला तुला?"

"भूगोल. पृथ्वी गोल आहे."

"गोल हाय?" ती मामांकडे वळून म्हणाली, "ऐकला का? म्हणून आपण कवा निघलो तरी फिरून या चुलीशीच येताव."

मामा कमी बोलत. ते म्हणाले, "गोल आसंल तर निसटाया बी होईल. पोरा, नीट धरून बस."

सगळी पडवी हसली होती. ते हसू मला अजून ऐकू येतं, कारण त्यानंतर मामांना इतकं हसताना मी फारसं पाहिलं नाही.

मी कॉलेजात गेलो तोवर जव्हार वाढू लागलं होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कौलं उतरून स्लॅब पडत होते. बाजारात शटरची दुकानं आली, स्टँडसमोर लॉज आला, झेरॉक्सची मशीनं आली. आम्हा खेड्यातून आलेल्या मुलांना त्याचं अप्रूप होतं. शहर वाढलं तर आपल्याला नोकऱ्या मिळतील, असा साधा हिशेब होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. अशातच बातमी आली की धर्मशाळा पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचं ठरतंय.

तिच्यासाठी उभे राहिले ते आमचे कर्णिक सर. शाळेत भूगोल शिकवायचे. वसतिगृहातली मुलं उपाशी झोपली का याची चौकशी करणारे, मला कॉलेजचा फॉर्म स्वतः आणून देणारे, पहिल्या मुलाखतीला स्वतःचा शर्ट देणारे. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे, हे लिहायला मला कधीच संकोच वाटलेला नाही. सर दारोदार फिरले. सह्या गोळा केल्या, मुंबईपुण्याकडच्या जाणत्या माणसांना बोलावलं. गावच्या सभेत ते उभे राहून म्हणाले, "शहर वाढू दे. पण झाड वाढतं तेव्हा ते आपली मुळं विकत नाही."

गाळा मिळण्याच्या आशेवर असलेला एक व्यापारी मागून बोलला, "सर, एवढं प्रेम आहे तर वासे घरी घेऊन जा. थंडीत शेकायला होतील."

सभा हसली. सर बसले नाहीत. "शेकणारे आहेत तिथं, शेटजी," ते म्हणाले. "रोज शेकतात. म्हणून तर ती टिकली पाहिजे."

हे वाक्य त्यांनी उच्चारलं होतं. मी सभेत होतो. पुढे जे झालं त्यात हेच वाक्य कुठं हरवलं, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

धर्मशाळा वाचली. बाहेरच्या एका संस्थेनं दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं, देखरेखीला गावातली एक समिती नेमली, आणि त्या उन्हाळ्यात काम झालं. कौलं उतरवून नवी चढवली. भिंतींना चुना दिला. आणि वासे घासले. शहरातून आलेली तज्ज्ञ मुलं फार मायेनं काम करत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक मुलगी शिडीवर बसून ब्रशनं काजळी काढायची आणि खालून लाकडाची तांबूस नस उमटली की आनंदानं ओरडायची. आम्ही खाली उभे राहून बघायचो. इतक्या वर्षांत त्या लाकडाला रंग आहे हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. भिंतीशी असलेले दगड मजुरांनी गोळा करून पुढच्या कुंपणाच्या पायात भर म्हणून टाकले. दगडच ते. मजूर बाहेरगावचे होते. त्यांना कोण सांगणार?

समोर कुंपण झालं, लोखंडी फाटक झालं. फाटकाशेजारी माहितीची पाटी लागली. आत आग पेटवायची नाही आणि मुक्काम करायचा नाही, असं समितीनं ठरवलं. इतक्या कष्टानं उजळलेलं लाकूड पुन्हा काळं होऊ द्यायचं का, आणि आग लागली तर जबाबदार कोण, या प्रश्नांना कोणापाशी उत्तर नव्हतं. उद्‌घाटनाला सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही टाळ्या वाजवल्या. त्या मनापासूनच्या होत्या.

मग दिवाळी झाली आणि तो ऋतू आला, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

मामांना भाद्रपदातच खोकला धरला होता. छातीच्या पिंजऱ्यावर नुसती कातडी राहिली होती. आत्यानं त्यांना जव्हारच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस ठेवून घेऊ, औषध लागू पडतंय का बघू, मग घरी गोळ्या. आत्या गाठोडं घेऊन सरळ पडवीकडे आली आणि फाटकाशी उभी राहिली. मी कॉलेजातून येताना तिला पाहिलं. ती फाटकाच्या गजांतून आत बघत होती.

"कोण मेला का आत?" तिनं विचारलं.

"नाही. दुरुस्त केलीय. आता तिथं राहता येत नाही."

"पांढरी केली," ती म्हणाली. तिनं वर वाशांकडे पाहिलं. आमच्याकडे वर बघण्याचा जो अर्थ असतो तो मला ठाऊक होता. "आन माझं धोंडं कुठं?"

मी कुंपणाकडे बोट दाखवलं. खाली बसून तिनं कुंपणाच्या दगडांवरून हात फिरवला, जसा गाईच्या पाठीवरून फिरवतात.

मी तिला सरांकडे नेलं. सर तडक समितीच्या माणसांकडे गेले, तासाभरानं किल्ली घेऊन आले. बाईमाणूस आहे, नवरा दवाखान्यात आहे, तेव्हा झोपायला हरकत नाही, पण चूल नको, एवढी सवलत मिळाली होती. सरांचा चेहरा उजळला होता. आत्यानं किल्ली हातात घेतली नाही.

"गुरुजी, चूल नाय तर पडवी काय करू? त्याला पेज कुठं शिजवू? थंडीत आंग कुठं शेकू?"

"जेवण मी घरून पाठवतो, बाई. दोघांचं."

आणि सरांनी खरोखर पाठवलं. पोळ्या, भाजी, वरणभात, डब्यात व्यवस्थित भरून. मामांना पोळी गिळवत नसे. त्यांना नागलीची पातळ पेज हवी असायची, गरम, मिठाची. दवाखान्याच्या आवारात आत्यानं चार काटक्या पेटवल्या तर शिपायानं हाकललं. स्टँडच्या मागं पेटवल्या तर तिथं लॉजवाल्यानं. ती झोपायला पडवीत गेली, पण त्या स्वच्छ, गार, रिकाम्या जागेत तिला एकटीला झोप येईना. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "देवळात झोपल्यासारखा वाटतो रं. देव नसलेल्या."

असे दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी मी दवाखान्यात गेलो तर खाट रिकामी. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "गेली दोघा. मुकादमाचा टरक आला व्हता." सरांचा डबा धुऊन, पालथा घालून खाटेवर ठेवलेला होता.

भट्टीवर चूल पेटवायला कोणी अडवत नाही. एवढंच आत्यानं पाहिलं असावं.

शिमग्याला आत्या एकटी परत आली. मामा कुठं गेले, कसे गेले हे तिनं तपशिलानं कधी सांगितलं नाही. भट्टीच्या धुळीनं, औषध तुटल्यानं, थंडीनं की आधीच्याच दुखण्यानं, याचा निवाडा मी करू शकत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पूर्ण औषध झालं असतं तरी सांगता आलं नसतं. तेव्हा पडवीमुळे माणूस गेला असं मी म्हणत नाही. पडवी उघडी असती तर तो दवाखान्यात राहिला असता, इतकंच मला खात्रीनं माहीत आहे. आणि ती आली तेव्हा पुढे ओढायला दगड नव्हते, आणि न ओढता सोडून द्यायलाही नव्हते. फाटकासमोर तिनं गाठोडं क्षणभर खाली ठेवलं, उचललं, आणि गावाची वाट धरली. त्या शिमग्यात पडवीकडे बघून कोणी आवाज खाली केला नाही.

सरांना हे मीच सांगितलं. त्यानंतर प्रत्येक बैठकीत ते एकच मागणी करत: हिवाळ्यात तरी फाटक उघडा, एका कोपऱ्यात तरी चूल पेटू द्या. प्रत्येक बैठकीत तोच प्रश्न परत येई: आग लागली तर जबाबदार कोण? पुढे ते निवृत्त झाले. मला खोडाळ्याला नोकरी लागली. पडवीत वर्षातून एकदा रांगोळीची स्पर्धा होई, एकदा छायाचित्रांचं प्रदर्शन. डोंगरातली माणसं स्टँडवर पत्र्याखाली झोपू लागली. तिथल्या फरशीवर त्यांना रोज पहाटे पाणी मारून उठवत.

शहरानं वाढताना जुनं जपावं, हे आम्ही आता वर्गात शिकवतो. निबंधाला विषयही येतो. मुलं चांगलं लिहितात. राजवाडे, किल्ले, मंदिरं, पर्यटन. वह्या तपासताना माझं पेन मधेच थांबतं. वारसा म्हणजे काय ठेवायचं? लाकूड, की लाकडाखाली रोज जे चाललं होतं ते? शहर ज्यांच्या पाठीवरून वर चढलं त्यांच्यासाठी त्या शहरात एक ओटा, एक कोपरा, तीन दगडांची जागा असणं, ही गोष्ट कुठल्या पाटीवर बसत नाही. ती मोजायलाही येत नाही. ती नाहीशी झाल्याचं कळतं ते एखादी बाई फाटकाशी उभी राहते तेव्हा.

काही वर्षांनी, श्रावणात, एका दुपारी भर पावसात धर्मशाळेचं छप्पर बसलं. मी सुट्टीच्या दिवशी जव्हारला गेलो तेव्हा सर तिथं छत्री धरून उभे होते. खांब जागेवर होते, भिंती होत्या. मधे कौलांचा आणि वाशांचा ढीग. बघ्यांतला एकजण म्हणाला, "देवाची कृपा, आत कोणी नव्हतं."

सरांनी ढिगातला एक वासा उचलला. तो हातात दोन तुकडे झाला आणि त्यातून पिठासारखा भुसा सांडला. रिपांच्या तर नुसत्या नळ्या उरल्या होत्या. "वाळवी म्हणावी तर माती नाही," ते म्हणाले.

"भुंगा आहे, सर," मी म्हणालो, आणि म्हणताना मला आमच्या घरातला चुलीवरचा माळा आठवला. नवा बांबू कापला की आई तो आधी त्या माळ्यावर टाकायची. धुरावलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, पाणी ओलं असतं हे शिकवत नाहीत तसंच. वासे घासले जात होते तेव्हा पडवीत राहिलेली कितीतरी माणसं रस्त्यावरून जाता-येता बघत होती. कोणालाही ते सुचलं नाही. शहरातलं लाकूड, पाटी लागलेलं लाकूड; त्याची रीत निराळी असेल असंच आम्ही सगळे धरून चाललो.

मी सरांना माळ्याबद्दल सांगितलं. त्यांनी हातातला भुसा पावसात धरला. तो वाहून गेला.

"म्हणजे आम्ही तिला धुऊन मारली," ते म्हणाले.

"तुम्ही नसता तर ती तेव्हाच पाडली असती, सर."

"हो. तेव्हा पाडली असती तर गाळे झाले असते. गाळ्यांच्या ओट्यावर रात्री माणसं झोपली असती. ओट्याला फाटक नसतं."

ते थट्टेनं बोलत नव्हते.

गेल्या कार्तिकात आत्याला डोळे दाखवायला जव्हारला नेलं. दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही त्या रस्त्यानं उतरलो. ढिगारा उचलून नेलाय. जागेचं काय करायचं यावर अजून बैठका चालतात. कुंपण एका बाजूनं ढासळलंय, फाटक कोणीतरी काढून नेलंय. आणि उघड्या आभाळाखाली, त्या सागाच्या खांबांमध्ये, कुठल्याशा पाड्यावरची कुटुंबं उतरली होती. ढासळलेल्या कुंपणातले दगड घेऊन त्यांनी चुली मांडल्या होत्या. काही दगडांची एक बाजू अजून काळी होती.

एका चुलीशी बसलेल्या तरुण बाईनं हाक मारली. "ये गं आजी, शेक घे."

आत्या बसली. मी तिला सांगितलं की हे कुंपणातले दगड आहेत, तुझेही यातच असतील. तिनं चुलीच्या दगडांवरून आणि बाजूला पडलेल्यांवरून हात फिरवला, मग हात मागे घेतला.

"आता कुठला वळखू? सगळांच काळां."

तरुण बाईनं तिला वाटीत पेज दिली. लाकूड ओलं होतं, धूर खूप होता. तो सरळ वर जात होता. पूर्वी जिथं वासे होते तिथं तो क्षणभरही अडत नव्हता. आत्यानं दोन घोट घेतले आणि सवयीनं पदर डोळ्यांकडे नेला, मग तसाच खाली सोडला.

"आता डोळ्यांत धूर जात नाय," ती म्हणाली. "बरा झाला."